भिंतींआडची शेती – लेखांक ७ : माणसाच्या मापाचं काम

मातीशिवाय पीक कसं वाढतं, पाण्यात विरघळवलेली खतं मुळांना कशी मिळतात, हे मागच्या आठवड्यात पाहिलं. आज या शेतात राबणाऱ्या माणसांकडे वळू.

अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातलं जॅक्सन हे रॉकी पर्वतातलं छोटं शहर. उंची सुमारे १९०० मीटर, त्यामुळे उघड्यावरच्या शेतीला वर्षातले जेमतेम चार महिने मिळतात. एरवी ताजी भाजी यायची ती दुरून, ट्रकमधून. जागाही महाग. वास्तुरचनाकार नोना येहिया आणि पेनी मॅकब्राइड यांना जागा मिळाली ती सार्वजनिक वाहनतळाला लागून असलेली चिंचोळी पट्टी : १५० फूट लांब, ३० फूट रुंद. आपल्या हिशेबाने चार गुंठे! २०१६ मध्ये तिथे ‘व्हर्टिकल हार्वेस्ट’ हे तीन मजली काचेचं हरितगृह सुरू झालं. लेट्यूस, मायक्रोग्रीन्स, टोमॅटो अशी पिकं तिथे घेतली गेली.

येहिया यांचा भाऊ दिव्यांग. त्यामुळे अशा माणसांना शाळा संपल्यावर कामाची दारं कशी बंद होतात, हे त्यांनी घरातच पाहिलं होतं. या शेतात दिव्यांगांना काम द्यायचं, हे म्हणूनच सुरुवातीपासून ठरलेलं होतं.

ते कसं दिलं जातं, हे समजून घेण्यासारखं आहे. एरवी आधी जागा निघते, पात्रतेची यादी लागते आणि त्यात न बसणारा बाहेर राहतो. इथे आधी माणूस नीट पाहायचा. त्याला काय जमतं, काय आवडतं, कशाचा त्रास होतो? मग शेतातल्या कामाची फोड करायची : बी मोजणं, ट्रे पेरणं, रोपं हलवणं, कापणी, वजन, पॅकिंग. एकच काम तासन्‌तास मन लावून अचूक करणाऱ्याला पेरणी द्यावी. माणसांत रमणाऱ्याला ग्राहकांकडे पाठवावं.

पीकही या पद्धतीला साथ देतं. मायक्रोग्रीन्स साधारण एक-दोन आठवड्यांत कापणीला येतात. पेरणी-कापणीचं चक्र बारमाही चालतं, तीच कामं ठरल्या वेळी पुन्हा येतात आणि हात बसतो. ट्रे रहाटगाडग्यासारखे फिरत राहतात. त्याने रोपांना सारखा उजेड मिळतो आणि ट्रे माणसापाशी चालत येतो.

मजुरीचं काय? अमेरिकेच्या १९३८ च्या कायद्यातल्या एका कलमाने, परवाना घेऊन, दिव्यांगांना किमान वेतनाहून कमी मजुरी देण्याची मुभा ठेवली. जॅक्सनच्या शेताने रास्त पगाराचा मार्ग धरला. मला यातलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं. घामाला पूर्ण दाम मिळाला, की माणूस ताठ मानेने घरी जातो.

आपल्याकडेही २०१६ च्याच दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारचं दिव्यांगत्व मान्य केलं, सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के जागा राखल्या. पण जागा राखली म्हणून काम अंगाला बसत नाही. ते मापाने बेतावं लागतं, आणि ते बेतणं मालकाच्या हातात असतं.

पुढील आठवड्यात : या शेतीचं विजेचं बिल.