चाकाची खुर्ची

आजाराचे दुःख सोसणाऱ्यासच ठाऊक असते. पण ते शब्दांत उतरले, म्हणजे इतरांसही उमगते.

नसीमा हुरजूक ह्यांचे कमरेखालचे शरीर वयाच्या १६ व्या वर्षी लुळे पडले. चालणे कायमचे थांबले. मन निराश झाले. पुढे बाबूकाका दिवाण त्यांना भेटले. तेही चाकाच्या खुर्चीवरच बसत. तरी आपले सर्व व्यवहार स्वतः पाहत. त्यांना पाहून नसीमाताईंची उमेद परतली. १९८४ मध्ये त्यांनी अपंगांसाठी कोल्हापुरात संस्था उभारली.

‘चाकाची खुर्ची’ ह्या आत्मचरित्रात त्यांनी यशाबरोबर आपली निराशाही सांगितली आहे. असे लेखन वाचून आजारी मुलास धीर येतो. निरोगी मुलास कळते, की आजारी सोबत्यास कीव नको, सोबत हवी असते.