नट-बोल्टही जुनेच हवेत
जुनी बुलेट 350 पुन्हा मूळ रूपात उभी करताना सगळं लक्ष टाकीच्या रंगावर जातं. पण जाणकाराची नजर आधी नट-बोल्टवर पडते. त्या काळी त्यांवर कॅडमियमचा मुलामा असे, करडा आणि मंद. आज सगळीकडे चकचकीत क्रोम चढवतात, आणि गाडी फॅक्टरीतून आल्यासारखी न दिसता लग्नाच्या वरातीसारखी दिसते! कॅडमियम विषारी असल्याने मी मंद झिंक प्लेटिंग सुचवेन. जुन्या गाड्यांचे आटे ब्रिटिश मापाचे आहेत. त्यांत मेट्रिक बोल्ट जबरदस्तीने फिरवला की आटेच जातात, म्हणून मूळ बोल्ट घासून पुसून जपा.

हेडलाइटभोवतीचं कवच 1954 पासून आलं. त्यात स्पीडोमीटर, अ‍ॅमीटर आणि दोन्ही बाजूंना छोटे पायलट दिवे. हे दिवे काढून भोकं बुजवलेली गाडी पाहिली की जीव हळहळतो. अ‍ॅमीटरचा काटा मधल्या शून्यावर असतो. चार्जिंग सुरू आहे की बॅटरी संपतेय, ते तोच सांगतो. त्यामुळे तो शोभेपुरता बसवू नका, चालू करा.

गिअरबॉक्सवरची टाचेने दाबायची न्यूट्रलची छोटी कांडी तर हमखास गायब असते. ती शोधाच.

टाकीवरच्या सोनेरी रेघा मात्र हातानेच ओढून घ्या. स्टिकरच्या रेघेत ब्रशचा जिवंतपणा येत नाही. आणि गाडी खोलण्याआधी वायरिंगचे, वॉशरच्या क्रमाचे भरपूर फोटो काढून ठेवा.