सात फुटांची जागा रिकामी होते तेव्हा

एप्रिल २०१७, फायनल फोर. ऑरेगन विरुद्ध नॉर्थ कॅरोलायना. शेवटचे सहा सेकंद उरलेत, कॅरोलायना ७७-७६ अशी पुढे आहे. त्यांचा सेंटर केनेडी मीक्स दोन फ्री थ्रो टाकतो, दोन्ही चुकतात. आता ऑरेगनने फक्त रिबाउंड घ्यायचा आणि पळायचं. पण चेंडू परत कॅरोलायनाकडेच जातो. पुन्हा फाउल, पुन्हा दोन फ्री थ्रो, पुन्हा दोन्ही चुकतात आणि पुन्हा रिबाउंड कॅरोलायनाचाच! खेळ खल्लास. दोन्ही वेळा रिंगखाली ऑरेगनचा जॉर्डन बेल होता. त्या सामन्यात त्याने तब्बल १६ रिबाउंड घेतले होते, हे दोन मात्र हातून निसटले. नंतर त्याने रडत रडत सगळा दोष स्वतःवर घेतला.

ती क्लिप तुम्ही कधी पाहिलीत, तर तिच्यात एक माणूस दिसणार नाही. ख्रिस बुशे. ऑरेगनचा दुसरा उंच खेळाडू, दर सामन्याला सरासरी अडीच ब्लॉक करणारा. तीन आठवड्यांपूर्वी, पॅक-१२ स्पर्धेच्या सेमीफायनलमध्ये त्याच्या गुडघ्याचं एसीएल फाटलं होतं. बुशे असता तर ऑरेगन जिंकलं असतं असं मी म्हणणार नाही, ते कोणालाच सिद्ध करता येणार नाही. पण उंच खेळाडू गेल्यावर टीमचं नक्की काय जातं, हे कळायला ऑरेगनइतकं चांगलं उदाहरण नाही. कारण बुशे गेल्यावर ती टीम लगेच कोसळली नाही. उलट १९३९ नंतर पहिल्यांदा फायनल फोरला पोचली. (१९३९ ची ती चॅम्पियन टीम ‘टॉल फर्स’ म्हणून ओळखली जायची, म्हणजे ताडमाड उंच सूचिपर्णी झाडं. उंचीचं कौतुक तेव्हापासूनचं आहे.) कॅन्ससविरुद्धच्या सामन्यात एकट्या बेलने ८ ब्लॉक आणि १३ रिबाउंड केले. म्हणजे दोघांचं काम एकाने ओढलं. प्रश्न असतो तो असं किती दिवस ओढता येतं हाच.

आता थोडा हिशोब करू. कॉलेजचा सामना ४० मिनिटांचा, कोर्टवर पाच जण. म्हणजे कोचला एकूण २०० मिनिटं वाटायची असतात. टीम दोन उंच खेळाडू एकत्र खेळवत असेल, तर त्यातली ८० मिनिटं त्या दोन जागांची. समजा असे तीन खेळाडू आहेत: दोघं तीस-तीस मिनिटं खेळतात, तिसरा वीस. पहिला जखमी झाला की उरलेल्या दोघांनी चाळीस-चाळीस मिनिटं खेळायला हवं. सव्वादोनशे पौंडांचं शरीर घेऊन, प्रत्येक वेळी धक्के खात, वर-खाली धावत? होत नाही हो. शिवाय कॉलेजमध्ये पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर, एनबीएसारखे सहा मिळत नाहीत. आणि सगळ्यात जास्त फाउल कोणाला लागतात? रिंगखाली उभं राहून समोरच्याला अडवणाऱ्यालाच.

म्हणून दुखापत एकाला होते आणि खेळ तिघांचा बदलतो. उरलेला सेंटर फाउलच्या भीतीने हात आखडता घेतो. समोरचा गार्ड सरळ आत घुसून लेअप टाकतो, तरी हा उडी मारत नाही, कारण आपण बाहेर गेलो तर मागे कोणी नाही हे त्याला ठाऊक असतं. बॉक्स स्कोअरमध्ये ही न मारलेली उडी कुठेच दिसत नाही.

एनबीएमध्ये असं झालं की मॅनेजर फोन उचलतो, दहा दिवसांच्या करारावर एखादा सेंटर आणतो. कॉलेजला हंगामाच्या मध्यात ही सोय जवळजवळ नाहीच. स्कॉलरशिप मोजक्या, सात फुटांची मुलं त्याहून मोजकी. त्यात आता ट्रान्सफर पोर्टल आलंय. बाकावर बसून कंटाळलेला तिसरा सेंटर पूर्वी निमूटपणे वाट पाहायचा, आता तो खेळायला मिळेल अशा दुसऱ्या कॉलेजात जातो. त्याच्या जागी मी असतो तर मीही गेलो असतो. पण त्यामुळे टीमचा राखीव साठा पातळ झालाय हे खरं.

आता एक गैरसमज. लोकांना वाटतं, सेंटर गेला म्हणजे त्याचे पॉइंट गेले. पॉइंट बहुतेक वेळा भरून काढता येतात. २०१४ ची कॅन्सस टीम बघा. कॅमेरूनहून आलेला जोएल एम्बीड तेव्हा पहिल्या वर्षाला होता: दर सामन्याला ११ च्या आसपास पॉइंट, ८ रिबाउंड, अडीचच्या वर ब्लॉक. मार्चच्या सुरुवातीला पाठीच्या दुखण्याने तो बाहेर गेला. पाठीच्या हाडात स्ट्रेस फ्रॅक्चर होतं. त्यानंतर वेस्ट व्हर्जिनियाविरुद्ध त्याच टीमच्या अँड्र्यू विगिन्सने एकट्याने ४१ पॉइंट केले. ११ च्या जागी ४१! तरी कॅन्सस ९२-८६ असं हरलं. आकडा ८६ चा नाही, ९२ चा बघा. रिंग राखणारा नव्हता.

मग एनसीएए स्पर्धेत कॅन्ससला दुसरं सीड मिळालं आणि दुसऱ्याच सामन्यात दहाव्या सीडच्या स्टॅनफर्डने त्यांना ६०-५७ ने घरी पाठवलं. गंमत अशी, की या सामन्यात एम्बीडच्या जागी खेळणाऱ्या टॅरिक ब्लॅकने चक्क १८ पॉइंट केले. पण विगिन्सचे फक्त ४ झाले. बदली खेळाडू चांगला खेळूनही टीम हरते, याचं एक कारण सांगता येतं. चांगल्या सेंटरची नुसती धास्ती असते. तो आत उभा असला की समोरच्या दोघांचं लक्ष त्याच्यावर राहतं, बाहेरच्या खेळाडूला श्वास घ्यायला जागा मिळते. ती धास्ती गेली की समोरची टीम मोकळी होते आणि सगळी ताकद तुमच्या हिरोवर लावते. स्टॅनफर्डकडे उंच खेळाडूंची कमतरता नव्हती, हेही विसरू नका.

क्रिकेट पाहून वाढला असाल तर हे विकेटकीपरसारखं आहे. त्याची बॅटिंग दुसरा कोणी भरून काढेल. ग्लोव्हज घालून मागे बसायचं काम कोण करणार?

सगळ्यात क्रूर उदाहरण सिनसिनाटीचं. मार्च २०००. टीम देशात पहिल्या क्रमांकावर, २८ विजय आणि फक्त २ पराभव. केन्यन मार्टिन, त्या वर्षीचा देशातला सर्वोत्तम खेळाडू. कॉन्फरन्स स्पर्धेत सेंट लुईसविरुद्ध, सामन्याच्या सुरुवातीलाच त्याचा पाय मोडला. तो सामना तर गेलाच, पण पुढे काय झालं ते जास्त बोलकं आहे. एनसीएएच्या निवड समितीने सिनसिनाटीला दुसरं सीड दिलं. समिती टीमकडे बघताना कोण खेळू शकतो आणि कोण नाही हेही विचारात घेते. म्हणजे हंगामभराची कमाई एका नडगीशेजारच्या हाडासाठी कापली गेली. पुढे दुसऱ्या फेरीत तुल्साने त्यांना हरवलं. मार्टिन स्वतः मात्र त्या उन्हाळ्यात एनबीए ड्राफ्टमध्ये पहिलाच निवडला गेला. टीमचं नुकसान आणि खेळाडूचं नुकसान ही दोन वेगळी खाती आहेत, हे इथे स्पष्ट दिसतं.

यावर उपाय? वेळ मिळाला तर आहे. डिसेंबर २०१६ मध्ये कॅन्ससचा सेंटर उडोका अझुबुके मनगटाच्या दुखापतीने उरलेल्या हंगामासाठी बाहेर गेला. कोच बिल सेल्फ यांनी चार बाहेरचे खेळाडू आणि एक सेंटर अशी रचना केली. उंची कमी, वेग जास्त. टीम एलिट एटपर्यंत गेली (आणि तिथे तो बेल भेटला, ८ ब्लॉकवाला). तसंच यूकॉनचं. डिसेंबर २०२३ मध्ये ७ फूट २ इंचांचा डोनोव्हन क्लिंगन पायाच्या दुखापतीने पाच सामने बसला. सॅमसन जॉन्सन त्याच्या जागी खेळला, टीमने पाचही जिंकले, आणि एप्रिलमध्ये क्लिंगनसकट विजेतेपद. माझ्या मते इथे कॅलेंडर फार महत्त्वाचं आहे. डिसेंबरची दुखापत म्हणजे नवी रचना घोटवायला तीन महिने. मार्चची दुखापत म्हणजे तीन दिवस. तेवढ्यात सरावसुद्धा नीट होत नाही, कारण समोरच्या टीमच्या सेंटरचं सोंग घ्यायलाही दुसरा उंच मुलगा लागतो. तो आता मुख्य टीममध्ये गेलेला असतो!

आणि ही हाडं मोडतात तरी का इतकी? मोठं वजन, सतत उड्या, आणि खाली येताना दुसऱ्याच्या पायावर पाय. पावलातली छोटी हाडं हा सगळा भार झेलतात. एम्बीडचं पाठीचं दुखणं बरं होतंय तोवर जून २०१४ मध्ये त्याच्या उजव्या पावलातल्या नॅव्हिक्युलर हाडाची शस्त्रक्रिया करावी लागली. ड्राफ्टमध्ये तो तिसरा निवडला गेला, पण एनबीएचे पहिले दोन हंगाम एकही सामना खेळला नाही. तेव्हा तो विशीत होता, म्हणजे तुमच्यातल्या अनेकांच्या वयाचा. म्हणून ‘थोडं दुखतंय तरी खेळायला हवं होतं’ असं कोणी म्हणालं की मला राग येतो.

खेळायची इच्छा त्या मुलांनाही असतेच. डिसेंबर २००६ मध्ये ओहायो स्टेटचा ग्रेग ओडन उजव्या मनगटाच्या शस्त्रक्रियेनंतर परतला तो चक्क डाव्या हाताने फ्री थ्रो टाकत. टीम थेट अंतिम सामन्यापर्यंत पोचली. अकरा वर्षांनी पर्ड्यूच्या आयझॅक हासचं तसं जमलं नाही. ७ फूट २ इंच, शेवटचं वर्ष, आणि २०१८ च्या एनसीएए स्पर्धेच्या पहिल्याच सामन्यात पडून उजवं कोपर फ्रॅक्चर. पर्ड्यू म्हणजे इंजिनिअरिंगचं कॉलेज. आपली किती मराठी मुलं तिथे शिकतात ते तुम्हाला माहीत आहेच. तिथल्या मेकॅनिकलच्या विद्यार्थ्यांनी त्याच्यासाठी खास ब्रेस बनवायला घेतला, कारण आधीच्या ब्रेसला परवानगी मिळाली नव्हती. कोच मॅट पेंटर यांचा मुद्दा साधा होता: उजव्या हाताने फ्री थ्रो टाकता येत नसेल तर याला खेळवू कसं? पहिल्या वर्षाचा, त्याच्याहूनही इंचभर उंच मॅट हार्म्स त्याच्या जागी उतरला. पर्ड्यूने बटलरला हरवलं, मग टेक्सस टेककडून हरलं. हास दोन्ही सामने बाकावरून पाहत होता. त्याचं कॉलेज बास्केटबॉल पहिल्याच सामन्यात संपलं होतं.