ब्राउझरमधला डेस्कटॉप सजवताना

ब्राउझरच्या एका टॅबमध्ये अख्खा डेस्कटॉप चालतो, हे पाहिलंय का? 'ओएस-जेएस' हे त्यातलं एक मोफत, ओपन सोर्स उदाहरण. आयकॉन, विंडो, टास्कबार सगळं दिसतं, पण खरं तर ते एक वेबपेजच असतं! प्रत्येक विंडो म्हणजे एचटीएमएलचा एक चौकोन. तिचे रंग, कडा, फॉन्ट सीएसएस ठरवतं. म्हणून थीम बदलली तरी आतल्या प्रोग्रॅमला हात लागत नाही. वॉलपेपर, थीम आणि आयकॉन सेटिंग्जमधून बदलता येतात. वरची पट्टी खालीही आणता येते.

मी रात्रभर जागून सगळं मनासारखं मांडलं. सकाळी ब्राउझरचा डेटा साफ केला आणि निवडलेली थीम, वॉलपेपर सगळं गायब! कारण साधं होतं. माझ्या सेटिंग्ज सर्व्हरवर नव्हत्याच, त्या ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये होत्या. त्या सर्व्हरवर साठवायची सोय केली, तरच दुसऱ्या पीसीवरही आपला डेस्कटॉप तसाच दिसतो.

तेव्हा आधी सेटिंग्ज कुठे साठतात ते बघा, रंगरंगोटी नंतर!