राउटरमधील पत्त्यांची मुदत किती ठेवावी?

गेल्या खरिपांत पीकविम्याच्या अर्जाची अखेरची तारीख होती. म्हसवडांतील एका संस्थेच्या कचेरींत सभासद मोबाइल घेऊन येत होते. इमारत दगडी, आंत रेंज येत नाहीं. म्हणून सर्वांची भिस्त कचेरीच्या राउटरवर. दुपारपर्यंत कामें झालीं. त्यानंतर आलेल्यांच्या मोबाइलवर 'आयपी पत्ता मिळवीत आहे' एवढींच अक्षरें दिसूं लागलीं. खोलींत तेव्हां जेमतेम दहा माणसें होतीं. देवापुराहून आलेले एक वृद्ध शेतकरी काम न होतां परत गेले. दोष तारेचा नव्हता. तो मुदतीचा होता. सभासदांच्या माहितीसाठीं तो विषय येथें मांडीत आहों.

राउटरला जोडलेल्या प्रत्येक मोबाइलास, संगणकास वा प्रिंटरास एक अंकी पत्ता लागतो, उदाहरणार्थ, १९२.१६८.१.१०५. हे पत्ते राउटर आपण होऊन वांटतो. या पद्धतीस डीएचसीपी म्हणतात. तिचे नियम १९९३ मध्यें प्रसिद्ध झाले व १९९७ मध्यें सुधारले गेले. पत्ता कायमचा मिळत नाहीं, मुदतीनें मिळतो. त्यास इंग्रजींत 'लीज', म्हणजे पट्टा, हाच शब्द आहे. आम्हीं महसूल खात्यांत कारकुनी केली असल्यामुळें आम्हांस सरकारी जमिनीची एकसाली लावणी आठवते. साल संपेपर्यंत जमीन त्या इसमाच्याच नांवें, मग तो नांगर धरो वा न धरो.

मोबाइलचेंही तसेंच आहे. निम्मी मुदत सरतांच तो राउटरकडे मुदतवाढ मागतो. माणूस निघून गेला कीं मागणी थांबते; परंतु मोबाइल जातांना पत्ता सहसा परत करीत नाहीं, आणि मुदत संपेपर्यंत तो अडकून राहतो.

त्या राउटरमध्यें १०० ते १४९ असे ५० पत्ते होते व मुदत २४ तासांची होती. ५० मोबाइल येऊन गेले कीं ५१ व्यास जागा नाहीं, खोली रिकामी कां असेना! मुदत १ तास केली तर काय होईल? तासाला १२ माणसें येऊन प्रत्येकजण अर्धा तास बसला, तरी एक पत्ता फार तर दीड तास अडकतो. म्हणजे एका वेळीं सुमारें १८ पत्ते पुरतात.

राउटरच्या व्यवस्थेच्या पानावर डीएचसीपी या सदरांत 'लीज टाइम' हा रकाना असतो. तो कोठें मिनिटांत, तर कोठें सेकंदांत असतो. एक तास म्हणजे ६० मिनिटें वा ३६०० सेकंद. हें पाहिल्यावांचून आंकडा घालूं नये. सेकंदांच्या रकान्यांत ६० घातल्यास प्रत्येक मोबाइल अर्ध्या मिनिटाला मुदतवाढ मागत बसेल. आधीं दिलेल्या पत्त्यांस जुनीच मुदत लागू राहते. यास्तव हा बदल गर्दीच्या एक-दोन दिवस आधींच करावा. प्रिंटरचा पत्ता मात्र त्याच्या नांवें राखून ठेवावा. घरीं तींच चार उपकरणें असतात. तेथें २४ तासांची मुदतच सोयीची.

सारांश, कसणारा किती काळ राहणार हें पाहून पट्ट्याची मुदत ठरवावी. पुढील अखेरच्या तारखेपूर्वीं संस्थांच्या चिटणिसांनीं हा रकाना एकदां पाहावा, म्हणजे रिकाम्या कचेरींतून कोणा शेतकऱ्यास हात हालवीत परत जावें लागणार नाहीं.