पोस्टकार्ड घ्या, चार ओळी लिहा

मोर्शीतल्या विश्वासी भावाबहिणींनो, मोबाइलवर वचनाचं चित्र पाठवणं सोपं आहे. पण आजारी माणूस उशाशी ठेवतो ते हातानं लिहिलेलं पत्र.

पौल पत्रं सांगून लिहवून घ्यायचा. रोमकरांस पत्राचा लेखनिक तर्तियुस तर शेवटच्या अध्यायात स्वतःचाही सलाम कळवतो. पण गलतीकरांस पत्राच्या अखेरीस पौल मुद्दाम सांगतो, ही मोठी अक्षरं माझ्या हातची आहेत. फिलेमोनाला कैदेतून लिहिलेलं पत्र अवघ्या २५ वचनांचं! लांबलचक लिहायची गरजच नाही.

आपल्याकडे पंडिता रमाबाई आणि सिस्टर जेराल्डिन यांचा पत्रव्यवहार १९७७ साली पुस्तकरूपानं आला. त्यात श्रद्धेवरचे कडक वाद आहेत, मायाही आहे.

सुरुवात नावानं करा. मग एक खरी गोष्ट: “मावशी, तुम्ही शिकवलेलं गीत पोरं अजून गुणगुणतात.” खाली एखादं वचन. उपदेश नको, दुःखात असलेल्याला तर मुळीच नको. पोस्टकार्ड कुणीही वाचू शकतं, म्हणून आजाराबद्दल किंवा घरच्या अडचणीबद्दल लिहायचं तर आंतरदेशीय पत्रच घ्या.

येत्या रविवारी उपासनेला येताना एक कोरं कार्ड आणा. जे घराबाहेर पडू शकत नाहीत, त्यांना पहिलं पत्र लिहू.