जुन्या मोटारसायकलला पंप नसतो, कॉक असतो



आज आम्ही अंगणात उभ्या असलेल्या गाडीबद्दल बोलणार आहोत. आपल्यापैकी कितीतरी जणींच्या घरी दहा-पंधरा वर्षं जुनी मोटारसायकल आहे. डेअरीला दूध घालायचं, बाजाराला भाजी न्यायची, रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात पोचवायचं, सगळं तिच्यावरच. ती वाटेत बंद पडली की दूध नासतं, मजुरी बुडते. गॅरेजात गेल्यावर ‘पेट्रोल येत नाही, पंप बदलावा लागेल’ असं कुणी म्हणालं, तर आपण मान डोलावतो. कारण पंप कुठे असतो, तो आपल्या गाडीला आहे की नाही, हे आपल्याला कधी कुणी सांगितलेलंच नसतं. आज आपण तेच समजून घेऊ.

पेट्रोल इंजिनापर्यंत कसं जातं?

गच्चीवर पाण्याची टाकी असली की खालच्या नळाला पाणी आपोआप येतं. विहिरीतलं पाणी वर आणायला मात्र मोटर लागते. गाडीचंही असंच आहे. स्प्लेंडरसारख्या जुन्या, कार्बोरेटरच्या मोटारसायकलीत टाकी वर आणि कार्बोरेटर खाली असतो. पेट्रोल स्वतःच्या वजनानं खाली उतरतं, तिथे पंपाची गरजच नाही. टाकीच्या खाली एक तोटी असते, तिला पेट्रोल कॉक म्हणतात. कॉकपासून एक रबरी पाईप कार्बोरेटरला जातो. कार्बोरेटरच्या वाटीत एक फ्लोट असतो. पाण्याच्या टाकीतल्या फ्लोटसारखाच तो वाटी भरली की वर येतो आणि पेट्रोल थांबवतो.

मग पंप कुठल्या गाड्यांना असतो? १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशात बीएस-६ नियम लागू झाले. त्यानंतर आलेल्या बहुतेक मोटारसायकलींत कार्बोरेटर नाही, इंजेक्शन आहे. त्यांच्या टाकीत विजेवर चालणारा पंप असतो. चावी फिरवल्यावर टाकीतून दोन-तीन सेकंद ‘झूं’ असा बारीक आवाज येतो, तो या पंपाचा. काही स्कूटरमध्ये टाकी सीटखाली असते. तिथे इंजिनाच्या ओढीवर उघडणारा कॉक किंवा छोटा पंप बसवलेला असतो.

म्हणून पहिलं काम हे करा: आरसी पुस्तकावरची तारीख बघा आणि टाकीखाली वाकून बघा. चालू, बंद आणि रिझर्व्ह अशी फिरवायची हाताची तोटी दिसली, तर तुमच्या गाडीत पेट्रोल वजनानं उतरतं. अशा गाडीचा पंप गेला असं कुणी म्हणालं तर शांतपणे विचारा, ‘दादा, कुठला पंप? जरा दाखवा.’ कॉक काही शेकड्यांत येतो, टाकीतला पंप हजारांत जातो. हा फरक आपल्या खिशातून जाणार असतो.

बिघाड कुठे आहे ते ओळखू या

पेट्रोल येत नाही असं वाटलं की चार गोष्टी याच क्रमानं बघा.

पहिली गोष्ट, टाकीत पेट्रोल आहे का? माठाला तळापासून चार बोटं वर तोटी बसवली तर खालचं पाणी माठातच राहतं. कॉकच्या आत अशाच दोन वाटा असतात, एक उंच आणि एक बुटकी. चालूवर असताना पेट्रोल उंच वाटेनं येतं. ते संपलं की तोटी रिझर्व्हवर करायची, मग तळातलं पेट्रोल येतं. रिझर्व्ह म्हणजे दुसरी टाकी नव्हे, त्याच टाकीतला तळ. पेट्रोल भरलं की तोटी परत चालूवर आणायला विसरू नका, नाहीतर पुढच्या वेळी रिझर्व्ह उरणार नाही.

दुसरी गोष्ट, टाकीचं झाकण. तेलाच्या पत्र्याच्या डब्याला आपण दोन भोकं पाडतो. एकच पाडलं तर तेल अडत अडत येतं, कारण आत हवा जात नाही. टाकीच्या झाकणालाही हवेसाठी बारीक भोक असतं. धूळ-चिखलानं ते बुजलं की गाडी थोडं अंतर नीट चालते, मग दम टाकते. झाकण उघडल्यावर ‘फुस्स’ असा आवाज आला आणि गाडी लगेच चालू झाली, तर दोष झाकणात आहे. ते साफ केलं की काम झालं.

तिसरी गोष्ट, पाईप. तो कुठे मुडपला आहे का, कडक होऊन चिरला आहे का, ते बघा. मध्ये प्लास्टिकचा छोटा फिल्टर असेल तर त्यात गाळ दिसतो का तेही बघा. नवीन फिल्टर बसवताना त्यावरचा बाण कार्बोरेटरच्या बाजूला हवा.

चौथी गोष्ट, धार. इंजिन गार असताना, उघड्यावर, कॉक बंद करा. कार्बोरेटरच्या टोकाचा पाईप काढा आणि त्याचं टोक एका कोरड्या बरणीत धरा. टाकीचं झाकण उघडं ठेवून कॉक चालूवर करा. सलग धार आली तर कॉक ठीक आहे, दोष पुढे कार्बोरेटरमध्ये आहे. थेंब थेंब आलं किंवा काहीच आलं नाही, तर दोष कॉकमध्ये, त्याच्या जाळीत किंवा पाईपमध्ये आहे. बरणीतलं पेट्रोल लगेच टाकीत परत ओता. इंजिनाच्या ओढीवर उघडणाऱ्या कॉकला ही परीक्षा लागू पडत नाही, कारण इंजिन फिरल्याशिवाय तो उघडतच नाही.

कॉक बदलायचा कसा?

आधी सुरक्षेचं बोलू, कारण यात जिवाचा प्रश्न आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरत जाते आणि दूरच्या चुलीपर्यंतही पोचू शकते. म्हणून हे काम घरात, गोठ्यात किंवा पडवीत करायचं नाही. मोकळ्या अंगणात, दिवसाउजेडी करायचं. जवळ चूल, बंब, बिडी, देवाचा दिवा काहीही पेटलेलं नको. शेजारी बादलीभर कोरडी वाळू किंवा माती ठेवा. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतायचं नाही, आग पाण्यावर तरंगत पसरते. मुलांना लांब ठेवा.

आता काम. नवा कॉक आणताना गाडीचं मॉडेल आणि साल सांगा, जमलं तर जुन्याचा फोटो दाखवा. सोबत नवा वॉशर किंवा रबरी रिंग मागून घ्या. जुनी रिंग परत वापरली की गळती ठरलेली.

इंजिन गार होऊ द्या. पाईपमधून टाकीतलं सगळं पेट्रोल पेट्रोलसाठीच्या घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये उतरवा. कॉक पूर्ण तुंबला असेल तर पेट्रोल उतरणार नाही. मग टाकी सोडवून वरच्या तोंडातून ओतावी लागते. हे एकटीनं करू नका, दोघी मिळून करा.

पाईपची क्लिप पकडीनं दाबून मागे सरकवा आणि पाईप हळूच फिरवत काढा. कॉक काही गाड्यांत दोन बोल्टांवर असतो, काहींत एका मोठ्या नटावर. योग्य मापाचा पाना लावून सोडवा. खाली भांडं ठेवा, थोडं पेट्रोल सांडतंच.

निघालेल्या कॉकवरची जाळी बघा. जाळी नुसती गाळानं भरलेली असेल आणि तोटी नीट फिरत असेल, तर नवा कॉक लागणारच नाही. जाळी जुन्या टूथब्रशनं साफ करा, नवी रिंग घाला आणि तोच कॉक बसवा. जाळी फाटली असेल, तोटी बंद करूनही पेट्रोल ठिबकत असेल, तर मात्र बदला. टाकीच्या तळाला गंज किंवा पाणी दिसलं तर टाकीही धुऊन घ्यावी लागेल, नाहीतर नवी जाळी महिनाभरात तुंबेल.

बसवताना बोल्ट आधी हातानं फिरवून घ्या, मग पान्यानं बेताचा आवळा. फार आवळला तर रिंग चिरते, आटे जातात. पाईप चिरका असेल तर तोही नवा घाला. क्लिपा जागेवर बसवा. मग कॉक बंद ठेवून टाकीत थोडंसंच पेट्रोल ओता आणि खाली कोरडा कागद ठेवून दहा मिनिटं थांबा. कागद कोरडा राहिला तर कॉक चालूवर करून पुन्हा दहा मिनिटं बघा. एक थेंबही पडला तर गाडी चालू करायची नाही, पुन्हा उघडून बघायचं.

दोन सवयी लावून घ्या

आजकाल पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं असतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि जुन्या गाड्यांचे रबरी भाग त्यानं लवकर खराब होऊ शकतात. पावसाळ्यात महिना-महिना उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत पाणी साठण्याची भीती जास्त. म्हणून वर्षातून एकदा, पावसाळा संपला की, पाईप आणि जाळी बघून घ्या.

दुसरी सवय, गाडी रात्री उभी करताना कॉक बंद करा. कार्बोरेटरचा फ्लोट अडकला तर उघड्या कॉकमधून रात्रभर पेट्रोल गळतं, कधी कधी इंजिनातही उतरतं. इंजिन ऑइलला पेट्रोलचा वास आला तर किक न मारता आधी गॅरेज गाठा.

आणि एक कळकळीची विनंती. पेट्रोल पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत कधीही ठेवू नका, आणि पाईप तोंडानं ओढून पेट्रोल काढू नका. घोटभर पेट्रोल फुप्फुसात गेलं तरी जिवावर बेतू शकतं. कुणी चुकून प्यायलंच, तर उलटी करवू नका, कारण उलटीबरोबर ते फुप्फुसात जातं. सरळ दवाखान्यात न्या.

मैत्रिणींनो, प्रत्येकीनं मेकॅनिक व्हावं असं आमचं म्हणणं नाही. कॉक बदलायची हिंमत झाली नाही तरी चालेल. पण झाकण, पाईप आणि धार तपासणं आपल्या हातात आहे. गटाच्या पुढच्या बैठकीला एखादी गाडी अंगणात आणा आणि कॉक, पाईप, फिल्टर, कार्बोरेटर प्रत्येकीला बोट ठेवून दाखवायला सांगा. चांगल्या मेकॅनिकला प्रश्न विचारणारं गिऱ्हाईक आवडतंच. गॅरेजमधून निघताना काढलेला जुना भाग मागून घ्या, आणि काय बदललं ते बिलावर लिहून घ्या.

पुढच्या भागात प्लग आणि चोक यांच्याविषयी बोलू. तोवर नमस्कार.